अकरा वाजले की दमणारा कॉम्प्युटर

"कॉम्प्युटर फार हळू चालतो हो," असं म्हणत कुणी माझ्या दुकानात आलं, की मी आधी त्या माणसाकडे बघायचे आणि मग कॉम्प्युटरकडे. रोग बहुतेक वेळा माणसात असतो आणि औषध मशीनला द्यावं लागतं, अशी माझी सव्वीस वर्षांची समजूत. या समजुतीने मला पोटापाण्याला लावलं, अंबरनाथ पूर्वेला स्वतःचा गाळा मिळवून दिला, आणि एकदा चांगलं तोंडावर पाडलं. त्या पडण्याबद्दलच लिहायचं आहे. पण त्याआधी या धंद्याबद्दल थोडं बोलू द्या, नाहीतर पडले कशी ते कळायचं नाही.

माझे वडील कारखान्यात फिटर होते. आमच्या घरी रेडिओ उघडायला मला परवानगी होती आणि भावाला बंदी, कारण तो उघडायचा, पण परत लावायचा नाही. मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स घेतलं तेव्हा विहारात भेटणाऱ्या बायका आईला म्हणाल्या, पोरीला शिलाईला का नाही घातलंत. आई म्हणाली, शिलाई मी करते, घरात एक पुरे. पुढे उल्हासनगरात एका सिंधी शेठच्या वर्कशॉपमध्ये मॉनिटर दुरुस्त करायला शिकले, मग कॉम्प्युटर, मग स्वतःचं दुकान. आजही नवीन गिऱ्हाईक आत येतं, माझ्या खांद्यावरून मागे बघतं आणि विचारतं, "मेकॅनिक कधी येणार?" मी म्हणते, आलाय, बसलाय, बोला.

जुना कॉम्प्युटर हळू का होतो, हे मी बायकांना दोन मिनिटांत समजावते. पुरुषांना वेळ लागतो, कारण त्यांना आधीच माहीत असतं. हार्डडिस्क म्हणजे घरातला माळा. सगळं सामान तिथे. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. स्वयंपाक ओट्यावर होतो. ओटा लहान असेल तर दर पदार्थाला माळ्यावर चढउतर करावी लागते आणि जेवायला उशीर होतो. माळ्याची शिडी मोडकी असेल तर आणखी उशीर. ओट्यावर नको त्या बरण्या मांडून ठेवल्या असतील तरी उशीर. आणि चौथं कारण उष्णता. आतला प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. उन्हात काम करणारा माणूस सावलीत बसतो, तसंच. एवढंच शास्त्र आहे. त्यावर लोक तासातासाचे व्हिडिओ बघतात.

बदलापूरचे एक निवृत्त अधिकारी असेच व्हिडिओ बघून तयार झालेले. मी त्यांच्या घरी गेले तर कॅबिनेटला चक्क दुलई शिवलेली. धूळ बसू नये म्हणून त्यांच्या मिसेसनी प्रेमाने शिवली होती, वायरींसाठी मागे एक भोक. आत मशीन भाजून निघत होतं. शिवाय व्हायरस मारणारे चार प्रोग्राम त्यांनी एकत्र घातलेले. एका बिल्डिंगला चार वॉचमन ठेवले की चोर राहतो बाजूला, ते एकमेकांच्याच पिशव्या तपासत बसतात. मी दुलई काढली, तीन वॉचमन कामावरून काढले, मशीन पळायला लागलं. महिन्याभराने कळलं, ते सोसायटीत सांगत फिरतायत की अमुक व्हिडिओ बघा, फार उपयोगी आहे.

उल्हासनगरचे एक कापडवाले तर "रॅम बढा दो" एवढं एकच वाक्य घेऊन आले होते. अशक्तपणावर टॉनिक द्या म्हणावं तसं. त्यांच्या मशीनमध्ये आणखी रॅम बसतच नव्हती. जागा संपली होती. मी नाही म्हटलं. ते दुसऱ्याकडे गेले. त्याने आत काहीही घातलं नाही, कॅबिनेटवर एक चकचकीत स्टिकर लावलं. शेठ मला मुद्दाम सांगायला आले की आता बघा कसा फर्स्टक्लास चालतो.

आणि तिसरी जात, "फेकून द्या, नवीन घ्या" म्हणणाऱ्यांची. यांच्यावर माझा सर्वांत जास्त राग. ज्याला निदान करता येत नाही तो मयताची तयारी सांगतो. जुनी हार्डडिस्क काढून नवीन एसएसडी घातली, म्हणजे मोडकी शिडी काढून माळ्याला लिफ्ट लावली, आत साफसफाई केली, नको ते प्रोग्राम काढले, की दहा-बारा वर्षांचा डबा अजून चार वर्षं आरामात काम करतो. हे मी शेकडो वेळा केलंय आणि दर वेळी कुणीतरी हुशार माणूस तोंड वाकडं करून उभा असतो.

एवढा सगळा तोरा घेऊन मी आनंदनगर एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात जायचे. पंपाचे सुटे भाग बनवणारा मध्यम कारखाना. तिथल्या पंधरा-सोळा कॉम्प्युटरांच्या देखभालीचं वर्षाचं कंत्राट माझ्याकडे होतं. मॅनेजरांचं नाव लिहीत नाही, ते माणूस म्हणून कुठेतरी राहतात आणि दिवाळी अंक वाचतात. नेहमी इस्त्रीचा शर्ट, आणि बोलण्यात "एफिशियन्सी" हा शब्द, लोकांच्या जेवणात मीठ असावं तसा.

कारखान्याच्या स्टोअरमध्ये गायकर काका होते. मोरिवली गावचे, वय पंचावन्नच्या पुढे. कारखान्याची पायाभरणी झाली तेव्हा विटा मोजायला लागले ते पुढे स्टोअरकीपर झाले. माल बाहेर जायचा तर गायकरांनी कॉम्प्युटरवर चलन काढायचं, त्याची छापील प्रत ड्रायव्हरला द्यायची, मग ट्रक गेटबाहेर. हाताने लिहायचे तेव्हा त्यांची ख्याती होती म्हणे, सहाशे प्रकारचे भाग तोंडपाठ. कॉम्प्युटर आला तो त्यांनी पंचेचाळिशीनंतर शिकून घेतला. दोन बोटांनी टाइप करायचे, पण चूक नसायची.

गेल्या हिवाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात मॅनेजरांनी मला बोलावलं. म्हणाले, स्टोअरमध्ये चलनं अडकतात, ट्रक गेटवर उभे राहतात, गायकर म्हणतो मशीन हळू आहे; तुम्ही बघून रजिस्टरमध्ये लिहा. मी सकाळी साडेनऊला गेले. गायकर खुर्चीवरून उठले, ती मला बसायला दिली, आणि स्वतः हात मागे बांधून उभे राहिले. मी दोन-तीन चलनं काढून बघितली. झकास निघाली. जुनं मशीन होतं, पण त्या वयाच्या मानाने ठीक.

मी विचारलं, काका, नेमकं होतं काय?

"ताई, आता बरा चालतो," ते म्हणाले. "पन अकरा वाजले का दमतो तो. मंग पाच वाजेपर्यंत नाय उठत."

मी हसले. हे लिहायला लाज वाटते, पण हसले. म्हटलं, काका, कॉम्प्युटर दमत नसतो, माणूस दमतो. आजूबाजूला दोघं-तिघं होते, तेही हसले. गायकरही हसले, जरा उशिराने. मला कल्याणला दुसरं काम होतं. रजिस्टर मागवलं आणि लिहिलं, "मशीन तपासलं. वेग योग्य आहे. वापरणाऱ्याला प्रशिक्षणाची गरज." खाली झोकदार सही. मशीन उघडून बघितलं नाही. अकरापर्यंत थांबले नाही. सगळं मिळून दहा-बारा मिनिटं लागली असतील आणि आपण किती पटकन ओळखतो याचा मला आनंदच झाला होता.

पुढचे पाच-सहा महिने स्टोअरकडे माझं जाणं झालं नाही. मे महिन्यात मॅनेजरांचा फोन आला. स्टोअरचं मशीन खराब झालंय, तातडीने या. गेले तर खुर्चीत गायकर नव्हते. शहाडहून येणारी कविता नावाची नवीन क्लार्क बसली होती. बावीस-तेवीस वर्षांची, दहाही बोटं कीबोर्डवर नाचणारी. मी गायकरांबद्दल विचारलं तर म्हणाली, त्यांना मागच्या यार्डात टाकलंय, कास्टिंग मोजायला. आणि त्यांना लेटर दिलंय, काम झेपत नसेल तर स्वतःहून निवृत्ती घ्या, नाहीतर चौकशी होईल.

मला वाईट वाटलं, पण रीतसर, जसं दुसऱ्याच्या घरच्या बातमीने वाटतं तसं. मी मशीनसमोर बसले. सकाळचे साडेनऊ. चलन झटक्यात निघालं. मी कवितावर नजर रोखली. आता हिलाही प्रशिक्षण लागणार, असं मनात आलं.

ती म्हणाली, "मॅडम, अभी ठीक चलेगा. तुम्ही अकराला बघा ना. रोज अकरा के बाद ही मरतं हे."

मी स्टूल ओढलं आणि बसून राहिले. जवळजवळ दोन तास. सव्वीस वर्षांत कुठल्याही मशीनपाशी मी इतका वेळ नुसती बसले नव्हते. दहाच्या सुमारास टेबलामागची भिंत तापायला लागली. पलीकडे भट्टी आहे, लोखंडाचे भाग कडक करण्यासाठी तापवतात ती. सकाळी पेटवली की ती अकरापर्यंत पूर्ण तापावर येते. कॅबिनेटची पाठ नेमकी त्या भिंतीला टेकलेली. अकरा वाजून दहा मिनिटांनी पडद्यावरचं चलन अर्ध्यात थांबलं. बाण हलेना. एक पान उघडायला चार मिनिटं. बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवायला लागला.

मशीन बंद करून उघडलं. लोखंडाची बारीक काळी भुकटी आणि तेल यांचा थर पंख्यावर असा बसला होता की पाती ओळखू येत नव्हती. प्रोसेसरची उष्णता वर पोचवणारी पेस्ट वाळून चुन्यासारखी भुरभुरत होती. सकाळच्या गारव्यात ते बिचारं कसंबसं चालायचं, भट्टी तापली की स्वतःला वाचवायला वेग पाव करायचं. गायकरांनी हेच सांगितलं होतं. माझ्यासारखे शब्द त्यांच्याकडे नव्हते, पण वेळ अचूक होती. आणि बदलापूरच्या दुलईवर मी वर्षानुवर्षं लोकांना हसवलं होतं.

मी पंखा धुतला, नवीन पेस्ट लावली, मशीन तात्पुरतं टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीपासून लांब ठेवलं. मग एक गोष्ट तपासली. कॉम्प्युटर आपल्या दुखण्याखुपण्याची रोजनिशी आपणच लिहीत असतो, आत कुठेतरी. कुणी उघडून वाचत नाही. मी वाचली. "प्रोसेसरचा वेग कमी केला" अशी नोंद, कामाच्या जवळजवळ दर दिवशी, अकराच्या पुढे. मागे मागे जात राहिले. माझ्या हिवाळ्यातल्या भेटीच्या आधीपासून होती. ज्या दिवशी मी येऊन हसून गेले, त्या दिवशीही, अकरा वाजून बावीस मिनिटांनी. तेव्हा मी कल्याणला दुसऱ्याच मशीनपुढे बसले असेन.

त्या पानांची छापील प्रत काढली आणि मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, चांगलं झालं, मशीनमध्ये नवीन बिघाड झाला होता, दुरुस्त केला, असं लिहा. मी म्हटलं, नवीन नाही साहेब, हा जुनाच आहे, गायकर काका सांगत होते तोच. त्यांनी एक फाइल माझ्यापुढे सरकवली. गायकरांच्या लेटरची फाइल. त्यात पहिलाच कागद माझ्या नोंदीचा झेरॉक्स. वेग योग्य आहे. वापरणाऱ्याला प्रशिक्षणाची गरज. झोकदार सही.

"आम्ही तुमच्याच एक्स्पर्ट ओपिनियनवर गेलो, मॅडम," ते शांतपणे म्हणाले. "आता तुम्हीच तुमचं खोटं ठरवणार? कंत्राट पुढच्या महिन्यात रिन्यूला आहे."

त्या माणसाचा मला तिरस्कार वाटला आणि तो अजून गेलेला नाही. म्हातारा अडला तेव्हा म्हातारा खराब. तरुण मुलगी अडली तेव्हा मशीन खराब. यालाच ते एफिशियन्सी म्हणत होते. पण त्यांच्या हातातला कागद माझा होता, हेही खरंच. नुसता त्यांचा तिरस्कार करून मला त्या केबिनमधून बाहेर पडता येत नव्हतं.

मी रजिस्टर मागितलं. माझ्या जुन्या नोंदीच्या खाली लिहिलं, "वरील नोंद चुकीची आहे. मी मशीन उघडून तपासलं नव्हतं. दोष तेव्हाही होता. श्री. गायकर यांनी मला त्याची वेळसुद्धा सांगितली होती, मी ऐकलं नाही." सही या वेळी झोकदार आली नाही. मॅनेजर म्हणाले, हे पान फाइलला लागणार नाही.

मग मी एक आगाऊपणा केला. कारखान्याचे मालक उल्हासनगरचे वयस्कर सिंधी गृहस्थ, ते गुरुवारी येतात. गुरुवारी मी नवीन एसएसडी बसवायच्या निमित्ताने गेले आणि ते कागद, रजिस्टरसकट, थेट त्यांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. मॅनेजर बाजूला उभे होते. मालकांनी मॅनेजरांना काहीच विचारलं नाही. मला विचारलं, "ये ग्यारह बजे वाली बात पहले किसने पकड़ी?"

म्हटलं, गायकर काकांनी.

"तो मेकॅनिक वो हुआ. आप क्या हुए?"

त्यांनी कागद खाली ठेवले आणि यार्डातून गायकरांना बोलवायला सांगितलं.

लेटर मागे घेतलं गेलं. एका ओळीचं पत्र, दिलगिरी वगैरे काही नाही. गायकर पुन्हा स्टोअरच्या खुर्चीत बसले आणि कविताची बदली खरेदी विभागात झाली, जिथे ती मजेत आहे. एसएसडी बसवलेलं ते म्हातारं मशीन एका मिनिटात सुरू व्हायला लागलं, चहा निवायच्या आत चलन निघायला लागलं. मॅनेजरांनी पुढच्या मीटिंगमध्ये सांगितलं की आपण स्टोअरची सिस्टीम अपग्रेड केली. माझं कंत्राट रिन्यू झालं नाही. नवीन कंत्राटदाराने पहिल्याच भेटीत सांगितलं म्हणे, हे डबे फेकून द्या.

हे इथे संपलं असतं तर मी हा लेख जरा ताठ मानेने लिहिला असता. आपली चूक कबूल केली, कंत्राट घालवलं, म्हाताऱ्याला न्याय मिळवून दिला. दिवाळी अंकात शोभेल असंच. पण माफी मागायची राहिली होती. कारखान्यात माणसांसमोर हसले होते, माफी मात्र घरी जाऊन मागावी असं मी ठरवलं, यातही माझी सोयच होती. एका रविवारी मोरिवलीला गेले.

गायकरांचं घर गावात आत, कारखान्यांच्या भिंतींना लागून. त्यांच्या बायकोने कोरा चहा दिला. मी बोलायला सुरुवात केली तर त्यांनी मला मध्येच थांबवलं. म्हणाले, ताई, तुमच्यावर माझा राग नव्हता. तुम्ही शिकलेल्या. तुम्ही लिवलं मशीन चांगला, म्हंजे मशीन चांगलाच असनार. मंग खराब कोन? तर मी.

हळूहळू त्यांनी पुढचं सांगितलं. माझी नोंद वाचून दाखवल्यापासून त्यांना खरंच वाटायला लागलं होतं की आपलं डोकं चालत नाही. आपण बटण दाबलं असं वाटतं, पण दाबत नसू. चलन उघडलं असं वाटतं, पण उघडलं नसेल. सहाशे भागांची नावं ते रोज सकाळी घरून निघताना मोठ्याने म्हणून बघायचे. एखादं अडखळलं की घामाघूम व्हायचे. शेवटी मुलाला न सांगता उल्हासनगरच्या एका डॉक्टरकडे गेले आणि म्हणाले, मला विसरायला होतं. खरं तर काहीच विसरत नव्हते. पण सांगताना त्यांनी इतकं पटवून सांगितलं की डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. त्या ते चार महिने घेत होते. बायकोलाही हे मे महिन्यानंतर कळलं.

ती आत गेली आणि औषधांची प्लास्टिकची पिशवी आणून माझ्यासमोर ठेवली. त्या महिन्याची दोन पानं संपलेली, एक अर्धं.

गायकरांनी ते अर्धं पान उचलून मला दाखवलं. रागाने नाही, टोमणा म्हणूनही नाही. खरोखरच विचारत होते, जसं गिऱ्हाईक मला विचारतं.

"मशीन बरा झाला. आता ह्या बंद करू का?"

माझ्या ओठांवर उत्तर आलं होतं. करा बंद, तुम्हाला काही झालेलं नाही. बघताक्षणी ओळखण्याची सवय इतक्या वर्षांची. मी ते गिळलं.

म्हटलं, "काका, मला माहीत नाही. डॉक्टरांना विचारू. मी येते तुमच्याबरोबर."

त्यांनी मान डोलावली आणि पान परत पिशवीत ठेवलं. सोमवारी सकाळी दुकान बंद ठेवून मी त्यांना घेऊन उल्हासनगरला गेले. डॉक्टरांनी आत बोलावल्यावर मी बोलायला तोंड उघडलं, पण मग गप्प बसले, आणि गायकरांना पहिल्यापासून सांगू दिलं.